आधी बाळाच्या आईचं बोला

बाळ समोर असताना बाळाकडे न बघता आधी बाळंतिणीकडे बघणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो पुरुष होता, आणि वर सरकारी डॉक्टर होता. आम्हा बायकांना तर हे जन्मात जमत नाही. बाळंतिणीला बघायला म्हणून आपण जातो, दारातूनच 'कुठंय गुलाम?' करत पाळण्याकडे धावतो, दुपटं बाजूला सारून नाक कुणावर गेलंय याचा निकाल लावतो, रंग उजळेल की उतरेल यावर दोन्ही बाजूंनी बोलतो, टोपडं देतो, चहा घेतो आणि निघतो. बाळंतीण बिचारी कान बांधून भिंतीला टेकून बसलेली असते. तिला फार तर 'डिंकाचे लाडू खातेस ना?' एवढं विचारतो, आणि तेही बाळाला दूध पुरावं म्हणून. आमचे डॉक्टर मात्र पाळणा ओलांडून थेट तिच्यापाशी जायचे, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे आणि म्हणायचे, "बाळाचं ऱ्हाऊ द्या, ते काय पळून जात न्हाय. आधी बाळाच्या आईचं बोला. झोप लागती का?" या प्रश्नावर पुष्कळ बायका उत्तर न देता रडायलाच लागायच्या. डॉक्टर मग खिशातून रुमाल काढून द्यायचे, आणि तो रुमाल इतका कळकट असायचा की बाई रडणं विसरून आधी तो कुठे ठेवावा याच्या काळजीत पडायची. माझ्या मते त्यांच्या निम्म्या औषधोपचाराचं यश त्या रुमालात होतं.

मी तेव्हा इंदापूर तालुक्याच्या अलीकडच्या टोकाला असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होते. घर बारामतीत. रोज सकाळी स्कूटीवरून काटेवाडी मागे टाकत, उसाच्या गाड्या आणि दुधाच्या किटल्या चुकवत मी कामावर यायचे. डॉक्टर मात्र मूळचे सुप्याकडचे, कोरडवाहू मुलखातले. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या मेंढरं होती. त्यांचे वडील, आबा, अजून हौसेखातर चारदोन मेंढ्या बाळगून होते. घरातला हा पहिलाच मुलगा मेंढरं सोडून पुस्तकांच्या मागे गेला आणि डॉक्टर होऊन आला, पण त्याची भाषा काही पुस्तकांच्या मागे गेली नाही. बाह्यरुग्ण विभागात ते जे बोलायचे तेच जिल्ह्याच्या बैठकीत बोलायचे. आमच्याकडची हिरवीगार शेतं बघून त्यांना आनंद होण्याऐवजी संकोच वाटायचा. "एवढं पाणी बघितलं की मला झोप येती, सिस्टर," ते म्हणायचे, "माणसानं जरा कोरडं असावं. डोकं चालतं."

मेंढरू दिसलं की त्यांची मोटारसायकल आपोआप थांबायची. एकदा बारामतीला वरिष्ठांची बैठक होती. सगळे आले, साहेब आले, चहा येऊन गेला, आणि आमच्या डॉक्टरांची खुर्ची रिकामी. बैठक संपत आली तेव्हा ते दारात उभे. बाह्या कोपरापर्यंत वर, शर्टाची बटणं एक घर चुकलेली, आणि सबंध सभागृहाला कळेल असा वास. गावाहून येताना मोरगावच्या रस्त्याला एका कळपातली मेंढी अडली होती, कोकरू आडवं होतं, त्यांनी ते सोडवलं होतं. साहेब चिडले. "तुम्ही माणसांचे डॉक्टर आहात की जनावरांचे?" डॉक्टर अगदी नम्रपणे म्हणाले, "सायब, मेंढीनं तेवढं इचारलं न्हाय."

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक तांबी असायची. कुणी म्हणतं कॉपर टी, आमच्याकडच्या बायका तांबीच म्हणतात. ही नमुन्याची तांबी त्यांनी बायकांना दाखवण्यासाठी ठेवली होती, कारण तांबी पोटातून चढत चढत काळजापर्यंत जाते आणि पुढे नाकातून निघते, अशी आमच्या भागात पक्की समजूत होती. पुढे इंदापूरला एका बड्या बागायतदाराच्या मुलीच्या लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव घालायला म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं, आणि ते पेन नव्हतं. पाकीट घेणारे वधूचे चुलते बराच वेळ त्या वस्तूकडे बघत राहिले. दुसरा कुणी असता तर मांडव फाडून पळाला असता. डॉक्टरांनी तिथल्या तिथे चुलत्यांना तिचा उपयोग समजावून सांगितला. मागच्या चार बायका पुढे सरकल्या. जेवणाची पंगत बसली तेव्हा डॉक्टर पंगतीत नव्हते, ते स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी नवरीच्या मावश्यांच्या गराड्यात होते आणि म्हणत होते, "आवो काळीज वर असतंय, पिशवी खाली असती, मधी रस्ताच न्हाय. कुठनं चढंल?" त्या लग्नानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे इंदापूरहून रिक्षा करून तीन बायका आल्या. डॉक्टर म्हणाले, "आहेराचं बगा कसं फिटलं!"

आता खरं सांगायचं ते हे की या सगळ्या वेडेपणाखाली माणसाचं डोकं फार सरळ चालत होतं. ते येण्याआधी आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा वार वेगळा आणि खोली वेगळी होती. बाळाची लस एका दिवशी. कुटुंब नियोजनाचं शिबिर दुसऱ्याच महिन्यात. एचआयव्हीची तपासणी गरोदरपणात व्हायची, झाली तर झाली. राहून गेली तर पुन्हा तिचं नाव कुणी काढायचं नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं, की तान्हं बाळ असलेल्या सुनेला घरातून एकदाच सुखासुखी सोडतात, बाळाच्या लसीला. "कारण लस नातवाची असती," ते म्हणायचे. "तिच्या सोताच्या रक्तासाठी, तिच्या पिशवीसाठी कोण सोडतंय तिला? मग त्या एकाच फेऱ्यात तिचं सगळं उरकायचं. बाळाला टोचलं की आईचं रक्त, आईचं वजन, पुढचं मूल कवा पाहिजे, पाहिजे का नको, सगळं हितंच." मी सुरुवातीला खूप कटकट केली. एका बाजूला बाळं किंचाळतायत, दुसरीकडे मी बाईच्या कानात कुटुंब नियोजन सांगायचं. "मी टोचू का समजावू?" असं मी विचारलं तर ते म्हणाले, "टोचता टोचता समजवा. दोन्हीनं रडतातच."

पण खरी अडचण वेगळी होती. सुनेबरोबर सासू यायची, आणि सासू असताना सून तोंड उघडायची नाही. कितीदा विचारलं तरी उत्तर सासूकडून. 'मासिक पाळी आली का?' 'नाही आली,' सासू सांगायची. 'तुला दुसरं मूल लगेच हवंय का?' 'व्हय तर, लागोपाठ उरकलेलं बरं,' हेही सासूच. डॉक्टरांनी यावर जो उपाय काढला तो आजवर कुठल्याही पुस्तकात आलेला नाही. त्यांनी इमारतीच्या पार मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली, एक टेबल टाकलं आणि तिथे सासूबाईंचा रक्तदाब मोजायची सोय केली. फक्त सासवांसाठी. मोजायला आमच्यातली सगळ्यात सावकाश चालणारी, सगळ्यात जास्त बोलणारी मावशी बसवली. बघता बघता त्या टेबलाला अशी काही प्रतिष्ठा आली की नातवाच्या लसीची तारीख सासवांनाच आधी आठवायला लागली. तिथे त्यांच्यात चढाओढ लागायची. जिचा आकडा जास्त, तिचा मान जास्त. "घरात माझ्या जिवाला केवढा ताप हाय, मशिनला बी कळतंय," असं एक बाई सगळ्यांना ऐकवत होत्या आणि बाकीच्या हेव्याने ऐकत होत्या. आणि तेवढ्या वेळात इकडे पुढच्या खोलीत त्यांच्या सुना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने स्वतःबद्दल बोलत होत्या. कितीतरी सासवांचा वाढलेला रक्तदाबही त्या टेबलावर खरोखरच सापडला, हा वरचा लाभ.

एचआयव्हीच्या तपासणीचं नाव काढलं की मात्र सगळ्याच जणी मागे सरायच्या. डॉक्टरांनी पहिल्यांदा एका बाईला समजावून सांगितलं, तेव्हा तिने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमी केलीया का?" डॉक्टर माझ्यापुढे बोट करून म्हणाले, "टोचा, सिस्टर." तेव्हापासून तो नियमच झाला. कुठलीही बाई कचरली की डॉक्टरांचं बोट पुढे. त्यांच्या बोटांची पार चाळणी झाली. मी म्हटलं, "अहो, मागच्याच आठवड्यात केलीय तुमची." ते म्हणाले, "तिला कुठं म्हाईत हाय?" एकदा एका धीट बाईला ते त्यांच्या आबांच्या मेंढ्यांचं सांगत होते, की व्यालेल्या मेंढीला आबा आधी बघायचे, कोकरू मग. बाई फणकारली, "मी काय मेंढी हाय व्हय?" डॉक्टर म्हणाले, "न्हाय गं बाई. मेंढीला आबा निदान इचारायचे तरी. तुला कोण इचारतंय?" ती बाई हसली नाही. तिने हात पुढे केला.

रूपालीची गोष्ट त्या दिवसांतली. रूपाली हे तिचं खरं नाव नव्हे, गाव मी सांगत नाही, आणि तिला विचारूनच हे लिहिते आहे. विशीतली पोर, पहिलटकरीण. सासर आमच्या हद्दीत, माहेर तिकडे मोरगावच्या बाजूला. गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने सासरी, शेवटचे माहेरी, आणि मूल झालं ते दवाखान्याच्या वाटेवर रुग्णवाहिकेतच. तपासणी सासरी झाली असेल असं माहेरच्यांना वाटलं, माहेरी झाली असेल असं सासरच्यांना. प्रत्यक्षात ती कुठेच झाली नव्हती. माहेरी आई आजारी म्हणून सव्वा महिन्यातच ती बाळ घेऊन परत सासरी आली आणि दीड महिन्याच्या लसीला आमच्याकडे. सासूबाई धट्ट्याकट्ट्या, दोन म्हशी नि एक गाय एकटीने सांभाळणाऱ्या, मनाने मोकळ्या. त्या आल्या आल्या कडुनिंबाखाली गेल्या. बाळाला लस टोचली, रूपालीच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं, आणि ती मला सांगत होती की एवढ्यात तिला दुसरं मूल नकोय, पण घरात कसं सांगायचं. मी चाचणीच्या पट्टीकडे बघितलं, तिच्यावर दोन रेघा उमटल्या होत्या, आणि मला पुढचं ऐकू येईना.

डॉक्टरांना बोलावलं. आल्या आल्या त्यांचा नेहमीसारखा आरडाओरडा सुरू होता, पट्टी बघितली आणि आवाज एकदम खाली आला. त्यांनी दार लोटलं, स्टूल ओढून तिच्यासमोर बसले, आणि हळूहळू, एकेक शब्द तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. ही पहिली चाचणी आहे, पक्कं बारामतीला कळेल, पण बहुतेक आजार आहे. या आजाराला औषध आहे. रोज गोळी घ्यायची आणि म्हातारं व्हायचं. तिने एवढंच विचारलं, "मी ह्याला पाजलंय. दीड महिना पाजलंय." डॉक्टर म्हणाले, "आज पण पाजायचंय. तुझं औषध सुरू करू, त्याला बी पाजायचं औषध देऊ. अंगावरच पाजायचं, घुटी न्हाय, पाणी न्हाय, वरचं कायबी न्हाय. आणि त्याचं रक्त तपासायला पाठवू. भ्यायचं काम आमी करतो, तू पाजायचं काम कर." मग ते स्वतः आत जाऊन चहा करून घेऊन आले. त्यात साखर होती की मीठ हे त्यांनाही ठाऊक नसावं, पण ती प्यायली. सासूबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "लईच वेळ लावला की!" डॉक्टर म्हणाले, "बारामतीला एक तपासणी करायची हाय दोघांची. सिस्टर घेऊन जातील." खोटं ते बोलले नाहीत, जास्तही काही बोलले नाहीत. दिवसभर बोलणारा हा माणूस दुसऱ्याच्या गोष्टीवर असं झाकण घालून बसायचा की हलवूनही थेंब सांडत नसे.

बारामतीला पक्कं झालं. औषधं सुरू झाली. पण रूपाली वाळत चालली होती. तिला मरणाची भीती नव्हती, घराची होती. "आधी माझं रक्त तपासलं म्हणून आधी माझंच नाव निघंल," ती मला म्हणाली. "माझ्यामुळंच आलं म्हणतील. बाळ ठेवून घेतील आणि मला माहेरी घालतील." नवऱ्याला सांगायला हवं होतं, त्याचीही तपासणी हवी होती, पण तो काही बायकोबरोबर दवाखान्यात येणाऱ्यांतला नव्हता. तो विहिरीच्या, बोअरच्या मोटरी दुरुस्त करायचा. रूपाली म्हणाली, "तुमीच सांगा त्यांना." डॉक्टर म्हणाले, "मी न्हाय सांगणार. तू सांगायचं, मी शेजारी बसतो. त्याला हितं आणायचं काम माझं. पण खोटं बोलून आणणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "सिस्टर, पाणी भरून ठेवा." मला वाटलं वीज जाणार असेल. थोड्या वेळाने मागून धूर दिसला. डॉक्टर हातात पान्हा घेऊन आमच्या केंद्राच्या बोअरच्या मोटरीजवळ उभे. एक वायर नुसती सैल करायची म्हणून गेले होते, प्रत्यक्षात मोटरच जाळून बसले. "जळली," त्यांनी मला अत्यंत समाधानाने सांगितलं. "आता बोलवा त्याला. खरंच जळलीया."

नवरा आला. सरळ, अबोल पोरगा, हात काळे. त्याने मोटर उघडली, आणि डॉक्टर त्याच्याशेजारी उकिडवे बसून त्याला सारखं विचारत राहिले, हे काय, ते काय, तांब्याची तार कुठली वापरता. आम्ही शेजारच्या वस्तीवरून घागरींनी पाणी आणत होतो आणि मनात डॉक्टरांना शिव्या घालत होतो. दुपारी मोटर बांधून झाली. डॉक्टर त्याला म्हणाले, "चहा घ्यायला आत ये. तुझी बायको आलीया, बाळ बी आलंय. तिला तुला काय सांगायचंय." रूपाली त्याला म्हणालीच होती की मी आज दवाखान्यात आहे, तरी तो दचकला. आत आला, दाराशीच उभा राहिला. रूपालीने बाळाच्या टोपड्याची गाठ सोडली, बांधली, परत सोडली, आणि म्हणाली, "माझं रक्त तपासलं. एचआयव्ही निघालाय."

त्याने आधी बाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "कुणाकडनं?"

मी त्या पोरीकडे बघू शकले नाही. डॉक्टर म्हणाले, "कुणाकडनं, हे इचारायचं आसंल तर आधी आपलं बोट पुढं करावं लागतं." आणि त्यांनी स्वतःचंच बोट माझ्यापुढे केलं. मी टोचलं. मग त्याने त्या चाळणी झालेल्या बोटाकडे बघितलं आणि आपला काळा हात टेबलावर ठेवला. त्याचीही चाचणी तशीच निघाली. तो उठला आणि कुणाकडेही न बघता निघून गेला. हत्यारांची पिशवी तिथेच.

रूपाली बाकावर बसून राहिली. घरी जावं तर कुठल्या तोंडाने, आणि न जावं तर कुठे. माझी घरी जायची वेळ झाली, मी गेले नाही. डॉक्टर पायरीवर बसले आणि तिला आबांच्या गोष्टी सांगू लागले. मेंढरं घेऊन पावसाळ्याआधी नीरा कशी ओलांडायचे, एक म्हातारा मेंढा पाण्यात पाय घालायला किती नखरे करायचा, आबा त्याला शिव्या घालत घालत शेवटी खांद्यावर कसा घ्यायचे. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, पण बाळ ऐकत होतं. ऊन उसाच्या तुऱ्यांवर आलं तेव्हा रस्त्याच्या कडेने तो येताना दिसला. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. कालव्यात पाय सोडून बसला होता, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, पण ते दिसत होतं. जवळ आला आणि रूपालीला म्हणाला, "चल. म्हशींची धार काढायची हाय." मग त्याने बाळ तिच्याकडून स्वतःकडे घेतलं, बाळाची मान कशी धरायची ते येत नव्हतं तरी घेतलं, आणि जाता जाता डॉक्टरांना विचारलं, "मोटर चालू करून बगितली का?"

"तुझ्याबिगर हात लावत न्हाय," डॉक्टर म्हणाले.

ती दोघं वळणाआड गेल्यावर डॉक्टरांनी आपला तो रुमाल काढला. मी पाठ फिरवून उगाचच कपाट लावत बसले.

पुढचं सगळं काही सुरळीत झालं असं नाही. नवरा महिनाभर कुणाशी नीट बोलत नव्हता. पण गोळ्यांच्या दिवशी दोघं बरोबर बारामतीला जाऊ लागले. सासूबाईंना लागोपाठ दुसरा नातू हवा होता. त्यांना डॉक्टरांनी कडुनिंबाखाली बसून सांगितलं की सुनेच्या अंगात रक्त भरू दे, तीन वर्षं तरी नाव काढायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असं न्हवतं." डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वेळी तुमाला कुणी इचारलं आसतं तर काय म्हणाला आसता?" त्यांनी दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा स्वतःच सोडला. मग म्हणाल्या, "तीन वरसं म्हणाले आसते." रूपालीने तांबी बसवून घेतली. निरोध वापरायचं दोघांना डॉक्टरांनी वेगळं बसवून समजावलं, आणि त्याचं कारणही समजावलं, की एकमेकांचा आजार एकमेकांना वाढवायचा नाही.

सासूबाई भोळ्या होत्या, पण आंधळ्या नव्हत्या. एका लसीच्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, दोघं रोज गोळी घेत्यात. माझ्यापासनं लपवत्यात. मी इचारणार न्हाय. सांगायचं तवा सांगतील. पण बाळाचं तेवढं सांगा, बाळ बरं हाय ना?" मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "बाळाचं त्याच्या आईला इचारा, आत्या. आणि इचारताना तिच्या पाठीवर हात ठेवा." त्यांनी घरी जाऊन विचारलं की नाही, हात ठेवला की नाही, ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या खेपेला रूपालीच्या अंगावर नवी साडी होती आणि सासूबाई बाळाला घेऊन स्वतःच बाहेर बसल्या, कुणी न सांगता.

बाळाच्या तपासण्या होत राहिल्या. प्रत्येक निकालाच्या वेळी डॉक्टर सकाळपासून सगळ्यांवर ओरडायचे, निकाल चांगला आला की मागे जाऊन एकटेच उभे राहायचे. दीड वर्षाची शेवटची तपासणीही चांगली आली, बाळाला काही नाही हे पक्कं झालं. त्या दिवशी त्यांनी मुलाला पहिल्यांदा नीट उचलून छातीशी धरलं. मुलाने त्यांचा सबंध शर्ट भिजवला. रूपाली लाजेने लाल झाली. डॉक्टर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आज त्याचं बी ऐकू."

त्यानंतर वर्षभरात त्यांची बदली झाली, लांबच्या जिल्ह्यात. गावाने निरोपाचा कार्यक्रम ठेवला, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले, दूध संस्थेचे अध्यक्ष बोलले. डॉक्टरांनी आवारात झाडं लावली, इमारतीला रंग दिला, कुंपण घातलं, साथीत रात्रंदिवस राबले, असं सगळं बोलले. सगळं खरं होतं. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि अधूनमधून मागे वळून बघत होते. मागे, बायकांच्या बाजूला, रूपाली होती. मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता. तिच्यापलीकडे आणखी दोघीतिघी होत्या, ज्यांच्या गोष्टी मी कधीच सांगणार नाही. ज्यांना सगळ्यात जास्त बोलायचं होतं त्यांना एक अक्षर बोलता येत नव्हतं. रूपाली उठून डॉक्टरांच्या पाया पडली असती तरी शेजारच्या बाईने विचारलं असतं, तुझं एवढं काय केलं गं डॉक्टरांनी?

डॉक्टरांना बोलायला सांगितलं. एरवी न थांबणारा माणूस, दोन वाक्यं बोलला. म्हणाले, "तुमच्या गावानं मला लई सांभाळलं. येतो." टाळ्या झाल्या. रूपालीनेही टाळ्या वाजवल्या, मुलाची झोप मोडणार नाही अशा बेताने, सगळ्यांइतक्याच, शेजारणीपेक्षा एकही जास्त नाही. डॉक्टर शाल सावरत मोटारसायकलवर बसले. बायकांच्या बाजूला त्यांनी एकदाही बघितलं नाही, आणि का बघितलं नाही हे त्या मांडवात आम्हा चारपाच जणींनाच कळलं. गाडी उसाच्या आड जाईपर्यंत रूपाली बघत राहिली. मग तिने झोपलेलं पोर खांद्यावर टाकलं आणि सासूबाईंच्या मागोमाग, बाकीच्या बायकांबरोबर बोलत बोलत, घराकडे चालू लागली.